होम थिएटरच्या कॉम्प्युटरसाठी शांत ग्राफिक्स कार्ड: आधी वॅट बघा, मग पंखे

शांत कार्ड शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पंख्यांपासून सुरुवात करतो. किती आहेत, केवढे आहेत, काम नसताना बंद होतात का. ही चौकशी चुकीची नाही, पण ती दुसऱ्या नंबरची. कार्ड जेवढी वीज खातं, तेवढीच उष्णता बाहेर टाकतं, आणि तेवढ्या हिशेबानंच हवा हलवावी लागते. वीस वॅटची उष्णता ॲल्युमिनियमचा साधा ठोकळा आणि जराशी वाहती हवा निमूट पचवतात. दीडशे वॅट पचवायला कितीही महागडा पंखा लावला तरी चित्रपटातल्या शांत प्रसंगात तो कानावर येणारच. म्हणून पहिला प्रश्न हा: तुमच्या टीव्हीसमोर या कार्डानं नेमकं कुठलं काम करायचं आहे?

कार्ड हवंच आहे का?

न लावलेल्या कार्डाइतकं शांत कार्ड नाही. चित्रपट, मालिका, यूट्यूब एवढंच बघायचं असेल तर प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स पुष्कळदा पुरतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनचं अंगचं ग्राफिक्स १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती) हार्डवेअरमध्ये उलगडतं. अकराव्या पिढीपासून एव्ही१ ही त्याहून नवी पद्धत सुद्धा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जे छोटं ग्राफिक्स असतं, त्यालाही एव्ही१ जमतं. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतं, त्यात ग्राफिक्स बंदच असतं. तिथं कार्डाला पर्याय नाही.

आहे त्या मशीनवर खात्री करायची तर जड ४के फाइल चालवा, टास्क मॅनेजर उघडा आणि ग्राफिक्सच्या पानावरचा ‘व्हिडिओ डीकोड’ हा आलेख बघा. तो हललेला दिसला आणि प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांत राहिला, तर सगळं ठीक. तो शून्यावर बसलाय आणि प्रोसेसर सत्तर टक्क्यांवर धापा टाकतोय, असं असेल तरी लगेच कार्ड घ्यायला पळू नका. आधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंग चालू आहे का ते पाहा. विंडोजवर एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन वेगळं टाकावं लागतं, ते राहिलेलंही असू शकतं. आणि फाइल १०-बिट एच.२६४ ची असेल (जुन्या ॲनिमेच्या फाइली हमखास तशा असतात), तर बहुतेक कार्डांनाही ती हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. नवं कार्ड आणूनही भार प्रोसेसरवरच राहील.

अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कच्या मागे असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कॉम्प्युटरवर त्या अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या सातव्या ते दहाव्या पिढीतल्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय आणि त्याच प्रोसेसरचं अंगचं ग्राफिक्स लागतं. एसजीएक्स पुढच्या पिढ्यांतून काढून टाकली गेली. वेगळं कार्ड कितीही भारी असलं तरी ही अडचण त्यानं सुटत नाही. डिस्क हाच मुख्य हेतू असेल तर सरळ डिस्क प्लेअर घेतलेला बरा.

मग कार्ड लागतं कधी? प्रोसेसर जुना असून एव्ही१ येत नसेल, टीव्हीला ४के आणि १२० हर्ट्‌झ द्यायचे असतील, कमी रेझोल्यूशनचं चित्र मॅडव्हीआरसारख्या रेंडररनं (पडद्यावर चित्र रेखणाऱ्या सॉफ्टवेअरनं) मोठं करून बघायचं असेल, किंवा त्याच टीव्हीवर गेम खेळायचे असतील तेव्हा. या चार गरजांचे वॅट एकमेकांपासून फार लांब आहेत.

कामाप्रमाणे वॅट

नुसता व्हिडिओ उलगडणं हे चिपमधल्या एका छोट्या राखीव विभागाचं काम. त्या वेळी चिपचा बाकीचा पसारा जवळजवळ झोपलेला असतो. म्हणून ७५ वॅटचं कार्डही चित्रपट चालू असताना साधारण दहा ते पंचवीस वॅटच्या घरात राहतं. डब्यावर छापलेला आकडा हा कमाल भाराचा. तुमच्या संध्याकाळचा आकडा त्याहून बराच खाली असतो.

या गटात वर्षानुवर्षं चालत आलेलं नाव म्हणजे जीटी १०३०. तीस वॅट, एचडीएमआय २.०, १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९. पंखा नसलेल्या बुटक्या आवृत्त्या आसूस, एमएसआय अशांनी काढलेल्या. पण एव्ही१ नाही, म्हणून आज नव्यानं घ्यायला ते मागे पडलंय. वापरलेलं मिळत असेल तर जीडीडीआर५ मेमरीचंच घ्या. त्याच नावानं डीडीआर४ मेमरीचं कार्डही विकलं गेलं आणि त्याची मेमरी बँडविड्थ साधारण एक तृतीयांश आहे. चित्र मोठं करायची वेळ आली की हा फरक लगेच जाणवतो.

इंटेलचं आर्क ए३१० आणि ए३८० ही एव्ही१ साठीची सोपी वाट. दोन्ही ७५ वॅटच्या आत बसतात. त्यांची एक खोड आहे: मदरबोर्डच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) पीसीआय एक्सप्रेसची एएसपीएम ही वीज वाचवणारी सोय चालू केली नाही, तर कार्ड काहीच करत नसतानाही जास्त वीज खातं आणि गरम राहतं. बायोसमध्ये एएसपीएम एल१ वर ठेवा आणि विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ‘कमाल बचत’ करा. बायोसमध्ये हा पर्यायच दिसत नसेल तर त्या मदरबोर्डावर आर्क नको.

एएमडीचं आरएक्स ६४०० त्रेपन्न वॅटचं, बुटकं, एचडीएमआय २.१ असलेलं. कागदावर अगदी टीव्हीखाली ठेवायलाच घडवल्यासारखं. पण त्याच्यात एव्ही१ उलगडायची सोय नाही. त्याच्या मोठ्या भावात, आरएक्स ६५०० एक्सटीमध्येही नाही. त्याच मालिकेतल्या वरच्या कार्डांत मात्र आहे, म्हणून ‘६००० मालिका’ एवढं वाचून फसायला होतं.

चित्र मोठं करायचं असेल तर गणित बदलतं. मॅडव्हीआर प्रत्येक फ्रेमवर कार्डाकडून खरी मेहनत करून घेतो. २४ फ्रेमच्या चित्रपटात एका फ्रेमला ४१.७ मिलिसेकंद मिळतात, ६० फ्रेमच्या व्हिडिओत फक्त १६.७. रेंडरिंगचा वेळ या मर्यादेच्या आत हवा, आणि शांततेसाठी तो बराच आत हवा. पस्तीस मिलिसेकंद लागत असतील तर फ्रेमा गळणार नाहीत, पण कार्ड सतत पळत राहील आणि पंखा त्याच्यामागे. वीस-पंचवीसवर आणा. एनव्हिडियाचं आरटीएक्स व्हिडिओ सुपर रेझोल्यूशन (चित्र मोठं करायची त्यांची सोय) २०२३ मध्ये आलं, त्याचंही तसंच. त्याच्या चार पायऱ्या आहेत. चौथीवरून दुसरीवर उतरलं की चित्रात फरक शोधावा लागतो, वॅटमध्ये तो समोर दिसतो.

या कामाला आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड बघण्यासारखं आहे. २०२४ मध्ये आलेलं, सत्तर वॅट, वेगळी वीज-जोडणी लागत नाही, एव्ही१ आहे, एचडीएमआय २.१ आहे. याच नावाचं ८ जीबीचं कार्ड वेगळंच आहे आणि १३० वॅटपर्यंत जातं. विकत घेताना आकडा नीट वाचा. त्याच्या वर आरटीएक्स ४०६०, ११५ वॅट. ते गेमसाठी ठीक, आणि व्होल्टेज उतरवून बऱ्यापैकी शांतही करता येतं. त्यापलीकडचं कार्ड टीव्हीखालच्या कॅबिनेटात घालायचं असेल तर गेम चालू असताना शांतता मिळेल ही अपेक्षा सोडा.

टीव्हीला जोडताना

एचडीएमआय २.० वरून ४के ६० हर्ट्‌झ, पूर्ण रंग, ८-बिट एवढंच मावतं. ६० हर्ट्‌झवर १०-बिट एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) हवं असेल तर रंगाची माहिती ४:२:२ किंवा ४:२:० अशी कमी करून पाठवावी लागते. २४ हर्ट्‌झच्या चित्रपटाला मात्र तीच केबल १२-बिट पूर्ण रंगासकट सहज पुरते. म्हणजे फक्त चित्रपट बघणाऱ्याला २.१ ची निकड नाही. ४के १२० हर्ट्‌झ लागत असतील तरच ती अट घाला. लिनक्सवर राहणार असाल तर एएमडीच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्याचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमनं २०२४ मध्ये नाकारला होता, हे लक्षात ठेवून ४के १२० साठी कार्ड निवडा.

चित्रपट खरं तर २३.९७६ फ्रेमचे असतात. टीव्हीला अचूक २४.००० दिले तर दर ४१-४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते. संथ सरकणाऱ्या दृश्यात ती अडखळ डोळ्याला टोचते. कोडी या प्लेअरमध्ये ‘रिफ्रेश रेट जुळवून घ्या’ हा पर्याय चालू/बंद होताना असा लावला की टीव्ही आपोआप २३.९७६ वर जातो. याचा आवाजाशीही संबंध आहे. काही कार्डं ४के १२० हर्ट्‌झचा डेस्कटॉप दाखवताना मेमरीचं घड्याळ, म्हणजे तिचा वेग, खाली आणत नाहीत, आणि नुसतं बसून असतानाही विनाकारण वीज खातात. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून मेमरी क्लॉक बघा. काही न करता तो कमाल आकड्यावर असेल तर डेस्कटॉप ६० हर्ट्‌झवर आणा. कार्डाचं तापमान त्याच बैठकीत उतरलेलं दिसेल.

डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे आवाजाचे प्रकार न उलगडता रिसीव्हरकडे (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे) पाठवणं आजच्या कुठल्याही कार्डाला जमतं. अडतं ते मधल्या जोडणीत. आवाज टीव्हीमार्गे रिसीव्हरकडे जात असेल तर टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीला ईएआरसी (एचडीएमआयवरून आवाज परत पाठवायची सोय) हवं. स्ट्रीमिंगच्या ४के साठी वाटेतल्या प्रत्येक यंत्राला एचडीसीपी २.२ हे नक्कल-संरक्षण हवं, मधल्या रिसीव्हरसकट.

ऑफिसच्या मशीनमधून निघालेली बुटकी वर्कस्टेशन कार्डं, उदाहरणार्थ आरटीएक्स ए२०००, सत्तर वॅटची असल्यानं मोहात पाडतात. त्यांना फक्त मिनी डिस्प्लेपोर्ट असतात. टीव्हीसाठी ॲडॉप्टर आला, आणि ॲडॉप्टरबरोबर एचडीआर किंवा आवाज अधूनमधून गायब होण्याचं दुखणं आलं. शिवाय त्यांचा पंखा छोट्या ब्लोअरसारखा, वेग वाढला की शिट्टीच्या सुरात बोलणारा.

पंखा नसलेलं कार्ड

पंखाच नाही म्हणजे आवाज नाही, हे खरं. पण अशा कार्डाला हवा लागत नाही, असा अर्थ काढून लोक ते बंद डब्यात कोंबतात, तिथं घोळ होतो. कार्डाचा पंखा गेला तरी हवा हलवायची जबाबदारी संपत नाही, ती कॅबिनेटवर येते.

उभ्या टॉवर कॅबिनेटात कार्ड आडवं बसतं आणि हीटसिंकचं तोंड खाली असतं. गरम हवा वर जायला बघते आणि कार्डाच्या बोर्डाखाली अडकते. पंखा नसलेल्या कार्डासाठी ही सगळ्यात वाईट मांडणी. टीव्हीखाली ठेवतात त्या आडव्या कॅबिनेटात मदरबोर्ड झोपलेला आणि कार्ड उभं असतं. पाती वरून खाली जाणारी असतील तर हवा त्यांच्यामधून आपोआप चढते आणि झाकणाच्या जाळीतून निघून जाते. म्हणून हीटसिंकची पाती कुठल्या दिशेला आहेत ते फोटोत बघून घ्या, आणि झाकणाला कार्डाच्या बरोबर वर भोकं आहेत का तेही. अगदी चपट्या डब्यात रायझर (स्लॉट वळवणारा जोड) लावून कार्ड पुन्हा आडवं केलेलं असतं, तिथं हा फायदा जातो.

तीस वॅटपर्यंतचं कार्ड अशा मोकळ्या डब्यात नुसत्या वाहत्या हवेवर निभावतं. सत्तर-पंच्याहत्तर वॅटच्या पंखारहित कार्डांसाठी (पॅलिटनं काल्मएक्स नावानं जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स ३०५० ची अशी कार्डं काढली आहेत) कार्डाच्या शेजारी १२० मिलिमीटरचा एक कॅबिनेट पंखा मिनिटाला ५०० ते ६०० फेऱ्यांवर फिरत राहू द्या. एवढ्या वेगाचा चांगला पंखा तीन मीटरवरून ऐकू येत नाही, आणि कार्ड वीस-पंचवीस अंशांनी उतरलेलं दिसलं तर नवल वाटू देऊ नका. मग प्रश्न उरतो: कॅबिनेटात संथ पंखा ठेवायचाच आहे तर पंखेवालं कार्ड का नको? आमचं मत विचाराल तर पन्नास वॅटच्या वर, मोठ्या हीटसिंकचं, मंद फिरणारं पंखेवालं कार्ड हाच जास्त निर्धास्त सौदा.

पंखे बघताना

पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज ढोबळमानानं १५ डेसिबल उतरतो. वीस टक्के कमी केला की जेमतेम पाच. हवा मात्र वेगाच्या प्रमाणातच कमी होते. म्हणजे जरा मोठा हीटसिंक आणि थोडा कमी वेग हा व्यवहार नेहमी फायद्याचा. एकसारखे दोन पंखे लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणून दोन पंखे निवांत फिरवणं हे एक पंखा पळवण्यापेक्षा बरं. फक्त त्या दोघांचा वेग एकमेकांच्या अगदी जवळ पण वेगळा असला तर घुम्... घुम्... अशी लाट ऐकू येते. सॉफ्टवेअरमधून एकाचा वेग शंभरेक फेऱ्यांनी हलवला की ती जाते.

बुटक्या कार्डांवरचे ४०-५० मिलिमीटरचे पंखे टाळा. तेवढीच हवा हलवायला त्यांना दुप्पट-तिप्पट पळावं लागतं, आणि त्यांचा सूर बारीक असतो. मोठ्या पंख्याची मंद सूं-सूं संवादांखाली लपते. बारीक कुई लपत नाही. नव्वद-शंभर मिलिमीटरचे पंखे आणि दोन स्लॉट जाडीचा हीटसिंक असलेलं ७५ वॅटचं कार्ड मिळालं तर ते गरजेपेक्षा मोठं वाटेल. तेच घ्यायचं असतं.

परीक्षणांतले डेसिबल वाचताना अंतर तपासा. कुणी अर्ध्या मीटरवरून मोजतं, कुणी एका मीटरवरून. एका मीटरवरचा आकडा तीन मीटरच्या सोफ्यावर मोकळ्या जागेच्या हिशेबानं नऊ-दहा डेसिबलनं घसरतो. खोलीच्या भिंतींमुळे त्याहून कमीच घसरतो. आणि तो आकडा गेमच्या भाराचा आहे की व्हिडिओचा, तेही बघा. ‘काम नसताना शून्य डेसिबल’ हे वाक्य जवळपास प्रत्येक डब्यावर असतं. त्यानं काही ठरत नाही.

पंखा बंद होण्याची ही सोय होम थिएटरमध्ये उलटतेही. समजा, पंखा साठ अंशांना सुरू होतो आणि पन्नासला थांबतो. बंद कपाटातल्या मशीनमध्ये चित्रपट चालू असताना कार्ड अठ्ठावन्नपर्यंत चढतं, साठला टेकतं, पंखा झटक्यात फिरतो, अर्ध्या मिनिटात पन्नासवर येतं, पंखा थांबतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सतत येणारा मंद आवाज कान विसरतो. दर पाच मिनिटांनी उठणारी घरघर विसरू देत नाही.

मापं

बुटक्या कार्डाची मागची धातूची पट्टी सुमारे ८० मिलिमीटर उंच असते, पूर्ण उंचीची १२०. काही कार्डांबरोबर दोन्ही पट्ट्या येतात, काहींबरोबर नाही; वापरलेलं घेताना छोटी पट्टी आहे का हे आधी विचारा. एक स्लॉट म्हणजे २०.३ मिलिमीटर. कार्डाच्या पंख्यांसमोर निदान एवढी जागा मोकळी सोडा. कॅबिनेटच्या भिंतीला चिकटलेला पंखा हवा ओढताना वेगळाच खरखरीत आवाज करतो, तो वेग कमी करूनही पुरता जात नाही. कार्डाला वरून वीज-जोडणी असेल तर प्लग आणि वळलेली वायर मिळून तीस-पस्तीस मिलिमीटर धरा. कार्ड बसतं पण झाकण लागत नाही, ही तक्रार इथूनच येते. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, त्यामुळे त्याच्या आतलं कार्ड घेतलं तर हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि कपाटात ठेवणार असाल तर मागची फळी कापा किंवा काढा, मागे दहा सेंटिमीटर तरी मोकळे सोडा.

बसवल्यावरची तासाभराची मेहनत

कार्ड जसं आलं तसं वापरू नका. विंडोजवर एमएसआय आफ्टरबर्नर किंवा फॅन कंट्रोल, एएमडीसाठी ॲड्रेनालिन, लिनक्सवर कूलरकंट्रोल. पंख्याचा वेग हाताळायला यातलं एक टाका.

रात्री, खोलीतलं बाकी सगळं बंद करून, पंख्याचं आपोआप बंद होणं रद्द करा आणि वेग ३० टक्क्यांवर स्थिर ठेवा. बऱ्याच कार्डांवर त्याखाली जाताही येत नाही. रोजच्या जागी जाऊन बसा. मशीनजवळ उभं राहून ऐकू नका, तिथं सगळंच ऐकू येतं. मग पाच-पाच टक्क्यांनी वाढवत जा. ज्या पायरीवर पहिल्यांदा पंखा जाणवेल, त्याच्या एक पायरी खाली तुमची मर्यादा. समजा ४५ ला ऐकू आला, तर मर्यादा ४०.

आता पंखा ४० वर अडकवून तुमच्याकडची सगळ्यात जड फाइल, नेहमीच्या सगळ्या सेटिंगसह, अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाची नोंद ठेवा. दहा मिनिटं पुरत नाहीत. हीटसिंक आणि कॅबिनेट तापायलाच तेवढा वेळ जातो. पंचाहत्तरच्या आत राहिलं तर काम झालं. बहुतेक एनव्हिडिया कार्डं ८३ अंशांच्या आसपास घड्याळ उतरवायला लागतात. एएमडीमध्ये ‘हॉटस्पॉट’ हा आकडा दहा-वीस अंशांनी जास्त दिसतो, त्याला पाहून घाबरू नका.

तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग ठरवणारी वक्ररेषा अशी आखा: ५५ अंशांपर्यंत ३० टक्के, ५५ ते ७५ मध्ये सावकाश ४० पर्यंत, ८० ला ६०, ८५ ला शंभर. शेवटचे दोन टप्पे काढून टाकू नका. कुणी कपाटाचं दार लावून टाकलं तर तेच कार्ड वाचवतात. तापमान खाली येताना पाच-सहा अंशांचं अंतर आणि काही सेकंदांचा विलंब ठेवा, म्हणजे वेग वरखाली हेलकावे घेणार नाही.

तापमान मर्यादेत बसत नसेल तर पंख्याला नव्हे, कार्डाला खाली आणा. पॉवर लिमिट दहा-दहा टक्क्यांनी ७० पर्यंत उतरवा. ७५ वॅटच्या काही कार्डांवर ही सोय बंद असते. तिथं आफ्टरबर्नरमधला व्होल्टेज-घड्याळाचा आलेख उघडा, ०.८५० ते ०.९०० व्होल्टच्या दरम्यानचा एक बिंदू उचलून नेहमीच्या घड्याळाच्या थोडा खाली ठेवा आणि त्याच्या उजवीकडची रेषा सपाट करा. चित्रात ठिपके किंवा तुकडे दिसले, ड्रायव्हर कोसळला, तर व्होल्टेज २५ मिलिव्होल्टनं वाढवा.

पंख्याचा नसलेला आवाज

पंखा थांबवूनही चिरचिर येत असेल तर ती कॉइलची. वीज पुरवणाऱ्या भागातली वेटोळी भाराबरोबर थरथरतात. ओळखायची खूण सोपी: माउसनं लांबलचक पान वर-खाली सरकवा. सरकण्याबरोबर सूर बदलला तर कॉइल. पंख्याला पानाशी काही देणंघेणं नसतं. गेमच्या मेन्यूत हा आवाज सगळ्यात जास्त येतो, कारण तिथं कार्ड सेकंदाला शेकडो-हजारो फ्रेमा काढत बसतं. ड्रायव्हरमधून कमाल फ्रेमा टीव्हीच्या हर्ट्‌झइतक्या बांधा, बहुधा तिथंच मिटतं. व्हिडिओ चालू असताना, एवढ्या कमी भारावरही कॉइल सोफ्यावर ऐकू येत असेल, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत ते कार्ड परत करा. यावर सेटिंगचा इलाज नाही.

कार्डाला दोष देण्याआधी आवाज कुठून येतो ते पक्कं करा. पुठ्ठ्याची लांब नळी कानाला लावून दुसरं टोक एकेका जागेसमोर धरा: कार्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), प्रोसेसरचा पंखा, हार्ड डिस्क. पुष्कळदा खरा गुन्हेगार एसएमपीएस निघतो, किंवा कॅबिनेटच्या पत्र्याला टेकून थरथरणारी डिस्क. तिला रबराच्या वॉशरवर बसवा.

कार्डाचाच पंखा पुढे-मागे कुरकुरायला लागला तर आधी धूळ. सहा महिन्यांनी मऊ ब्रशनं पाती साफ करा, आणि हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा; जोरदार हवेनं तो भलत्या वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं. बेअरिंग गेलेलं असेल तर मूळ आवरण काढून हीटसिंकवर ९२ किंवा १२० मिलिमीटरचे साधे पंखे केबल-टायनं बांधता येतात. कार्डावरचा पंख्याचा कनेक्टर मदरबोर्डच्या कनेक्टरपेक्षा लहान असतो, त्यासाठी मध्ये रूपांतर करणारी वायर लागते; नाहीतर पंखे मदरबोर्डला जोडा आणि फॅन कंट्रोलमध्ये त्यांना कार्डाच्या तापमानावर चालवा. वॉरंटी बहुधा यात जाते, तेव्हा हा उद्योग जुन्या कार्डावरच करा, आणि आवरण काढताना हीटसिंकचे स्क्रू सैल करू नका. ते सुटले तर चिपवरची पेस्ट बदलल्याशिवाय कार्ड पुन्हा चालू करता येणार नाही.